नेम मोडला म्हणून सोडावा काय?

कांदेनवमी परवाच घरोघर पार पडली. आज देवशयनी एकादशीच्या पर्वावर भाविक कुटुंबांतून चातुर्मासाचा संकल्प सोडला जाईल. 'संकल्प सोडणे' हा आपल्या भाषेतला मोठा मौजेचा प्रयोग आहे. पळीभर पाणी ताम्हनात सोडून नेम धरायचा, म्हणून संकल्प सोडला असे आपण म्हणतो. आणि श्रावण सरता सरता तोच नेम हातचा जातो, तेव्हाही संकल्प सोडला असेच म्हणतो. पहिल्या सोडण्यापासून दुसऱ्या सोडण्यापर्यंतचे अंतर कित्येक घरांत चाळीस दिवसांचेही नसते, हे आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना पाहत आलो आहो.

पूर्वी वांगे, कांदा, लसूण वर्ज्य करावे, एकभुक्त राहावे, पानावर मौन पाळावे, असे नेम असत. अलीकडे त्यांत काही नव्या नेमांची भर पडली आहे. कोणी पहाटे तासभर चालण्याचा नेम धरतो, कोणी बारा सूर्यनमस्कारांचा, कोणी साखर सोडतो, कोणी दिवेलागणीनंतर अन्न घेत नाही. काही जुन्या मंडळींना हे नेम धर्मबाह्य वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हा सिद्धांत आपल्याकडे जुनाच आहे. आणि ज्या घरात मधुमेहाच्या गोळ्यांची डबी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आली आहे, त्या घराने वांग्याबरोबर साखरही वर्ज्य केली तर पांडुरंग काही रुसणार नाही.

प्रश्न नेम धरण्याचा नाही, मोडण्याचा आहे. आणि नेम मोडतो तो बहुधा मोहाने नव्हे, तर दिवस उलटल्याने. पहाटेच पाहुणे येऊन उभे राहतात, मूल तापाने फणफणते, एस्. टी. तीन तास उशिरा येते, भावकीत सुतक पडते, पावसाची झड चार दिवस उघडत नाही. मंगळागौरीच्या जागरणानंतर पहाटेचे चालणे कुठून व्हावे? पुरणपोळीच्या घरी जाऊन भाकरी मागणे कसे शोभावे? असा एक दिवस जातो, मग दुसरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी मन म्हणते, मोडलाच आहे तर आता राहिले काय!

हे 'राहिले काय' फार घातक आहे. एकादशीच्या दिवशी सूनबाई मुलांसाठी केलेली आमटी सवयीने चाखून पाहते, तेवढ्यात तिच्या लक्षात येते, आणि सासूबाई म्हणतात, "जाऊ दे, मोडलाच उपास, आता पोटभर जेवून घे." थेंबभर आमटीने जे बिघडले नव्हते ते पुढच्या ताटभर जेवणाने पुरते बिघडते. मनाच्या या खोडीची परीक्षा परदेशी पंडितांनीही घेतली आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी आलेल्यांपैकी काहींना आधी दुधाचे गोड, दाट पेय पाजले आणि मग सर्वांपुढे हवे तेवढे आइस्क्रीम ठेवले. जे एरवी खाण्यावर बंधन घालीत नसत, त्यांनी पेय प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, हे सरळच आहे. पण जे सदैव पथ्याने राहात, त्यांनी ते पेय पोटात गेल्यावर आइस्क्रीम उलट अधिक खाल्ले! बंधारा एकदा फुटला, मग पाणी अडवायचे कशाला, असा त्यांच्या मनाने हिशेब केला. आपल्या सासूबाईंचा हिशेबही हाच होता.

आता आपले शास्त्र या बाबतीत काय म्हणते ते पाहू. सर्वसाधारण समज असा की शास्त्र म्हणजे करडे. एक पाऊल चुकले की सगळे पुण्य वाया. आयुष्यभर पोथ्या उलटल्यावर आम्ही निःशंकपणे सांगतो की हा समज पोथी न उघडणाऱ्यांचा आहे. ज्यांनी हे नियम केले त्यांना घरदार होते, आजारपणे होती, नद्यांना पूर येत होते. त्यांनी नियमाबरोबर नियम बिघडल्यावरची वाटही सांगून ठेवली आहे.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यावर एक सुंदर विचार आहे. कर्माचे दोन प्रकार येथे ध्यानात घ्यावयाचे. एक नित्य, म्हणजे अग्निहोत्रासारखे, जन्मभर करावयाचे. दुसरे काम्य, म्हणजे पुत्र, धन, पाऊस असे काही फळ मागून करावयाचे. प्रश्न असा उपस्थित केला आहे की, एखाद्या दिवशी कर्माची सर्व अंगे जुळून आली नाहीत, एखादे उपांग राहिले, तर ते कर्म झाले की नाही? उत्तर असे की, काम्य कर्म असेल तर झाले नाही. फळ मागितले आहे ना, मग सर्व सामग्री यथासांग हवी. ती जुळत नसेल तर त्यास हातच घालू नये. परंतु नित्य कर्म असेल तर ते यथाशक्ति करावे. जेवढे साधेल तेवढ्या अंगांनी केलेले नित्य कर्म हे झालेलेच कर्म होय. जे जन्मभर करावयाचे ते रोज परिपूर्ण कोणाच्यानेही होणार नाही, हे त्या महर्षींनी ओळखले होते.

आमच्या मते आहाराच्या आणि व्यायामाच्या नेमांचा सारा घोळ या एका भेदात आहे. 'दिवाळीपर्यंत आठ किलो वजन उतरवीन' हा काम्य संकल्प झाला. त्यात तीन दिवस खाडा पडला की हिशेब चुकतो, फळ हुकते, आणि मनुष्य यज्ञकुंड विझवून मोकळा होतो. 'मी रोज शरीराला चालवीन आणि बेताने जेवीन' हा नित्य संकल्प. त्यात तासभर जमले नाही तर पाव तास, रस्ता चिखलाचा असेल तर ओसरीवर, भाकरीभाजी मिळाली नाही तर पंक्तीत जे वाढले त्यातले निम्मे. कर्म लहान झाले, पण मोडले नाही.

वेळ टळल्याचीही व्यवस्था आहे. संध्यावंदनात सूर्याला तीन अर्घ्ये द्यावयाची असतात. मुख्य काळ निघून गेला तर संध्या रद्द होत नाही. कालातिक्रमाचे प्रायश्चित्त म्हणून एक चौथे अर्घ्य द्यावयाचे, आणि संध्या नेहमीसारखी करावयाची. केवढी ही शहाणी तोड! उशीर झाला हे मान्य केले, त्याची पळीभर पाण्याची किंमत मोजली, आणि काम पुढे सुरू. काल संध्या राहिली म्हणून आज सात संध्या एका दमात करा, असे कोणी सांगितलेले नाही. परंतु चार दिवस चालणे राहिले म्हणून रविवारी आठ मैल चालून गुडघे धरून बसणारे, किंवा लग्नात जेवणे जड झाले म्हणून दुसरे दोन दिवस लंघन करून तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पहाटेचे चालणे चुकले तर संध्याकाळी चालावे, आणि प्रायश्चित्त हवेच असेल तर देवळाला एक प्रदक्षिणा जास्त घालावी. एवढ्याने भागते.

उपवासाच्या बाबतीत तर निबंधकारांनी पायऱ्याच रचल्या आहेत. काशीत १६१२ साली कमलाकर भट्टांनी 'निर्णयसिंधु' लिहिला, आणि आपल्या पंढरपुरात काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० साली 'धर्मसिंधु' पुरा केला. दोघांच्याही ग्रंथांत अशक्तांचा विचार आहे. निराहार हा मुख्य पक्ष. तो ज्यास झेपत नाही त्याने पाण्यावर राहावे, ते न झेपल्यास दुधावर, फळांवर, नाहीतर एकवेळ हविष्यान्न घेऊन. मुख्यकल्प आणि अनुकल्प असे शब्दच त्यासाठी आहेत. व्रताचा ज्यांनी भंग होत नाही अशा आठ गोष्टी परंपरेने मोजून ठेवल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर गुरूचे वचन आहे, आणि औषध आहे.

औषध! हा शब्द आम्ही प्रत्येक एकादशीच्या कीर्तनात मुद्दाम उच्चारतो. कारण आजही घरोघरची वडीलधारी मंडळी उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी 'उपास मोडेल' म्हणून घेत नाहीत. काही नेमके उलटे करतात. गोळी घेतात आणि पोटात मात्र काही घालीत नाहीत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनची सुई अशी असते की, वर अन्न गेले नाही तर रक्तातली साखर एकाएकी उतरते, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मनुष्य बेशुद्ध होतो. तेव्हा ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी उपवासाच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि ते नको म्हणतील तर नको. शास्त्राने गुरुवचन आणि औषध या दोन्हींना व्रतात जागा दिली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यात ती दोन्ही एकत्र आली असे समजावे.

फराळाच्या ताटाविषयी थोडे परखड बोलतो, त्याचा राग नसावा. आजच्या दिवशी महाराष्ट्रात सर्वांत अधिक खपणारे उपवासाचे अन्न म्हणजे साबुदाणा. हा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याचा साबुदाणा होतो तो मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या बाजूस. बटाटा, भुईमूग, मिरची हीही त्याच खंडाची लेकरे. म्हणजे ज्या खिचडीवाचून आपली एकादशी होत नाही, तिच्यातील मुख्य जिन्नसांपैकी एकाचेही नाव कोणत्याही स्मृतीत सापडणार नाही! तो दोष आहे असे आम्ही म्हणत नाही; देशकालाप्रमाणे अन्न बदलते. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ सत्त्व, प्रथिने त्यात जवळजवळ नाहीत, हे जाणून घ्यावे. सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री थालीपीठ, आणि मध्ये डुलकी, असा दिवस काढला तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण खरी होते. आणि दिवसाची झोप ही उपवास बिघडविणाऱ्या गोष्टींत स्पष्ट गणलेली आहे, हे वडे खाऊन आडवे होणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. वरईचा भात, राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडी, एखादे फळ एवढ्यावर दिवस उत्तम जातो.

पुस्तकातला हा विचार जमिनीवर कसा उतरतो, ते आम्हांस रनाळे येथे अनुभवास आले. रनाळे हे नंदुरबार तालुक्यातील गाव, नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना लागते. आमचे बिऱ्हाड प्रकाशे क्षेत्री, तापी-गोमाईच्या संगमावर. दक्षिण काशी म्हणून भाविक ज्याला ओळखतात त्या गावी. तापीमाई ओलांडून त्या बाजूस कीर्तनसेवेसाठी आमचे अनेकदा जाणे होते. मुलूख कष्टाचा, ज्वारी, कापूस आणि मिरचीचा. नंदुरबारच्या मिरचीचा बाजार तर दूरवर प्रसिद्ध. येथे माणसाला व्यायामाचा उपदेश करायला गेले तर तो हसेल असे वाटते. पण शेतातही आता पूर्वीइतके अंग मोडत नाही, मोटारसायकल बांधापर्यंत जाते, आणि मधुमेहाने शहर-खेडे असा भेद ठेवलेला नाही.

काही वर्षांपूर्वी तेथे श्रावणात कीर्तन झाले. आरती झाल्यावर एक शेतकरी गृहस्थ जवळ आले. वय पन्नाशीच्या पुढे, चेहरा ओढलेला. पाया पडून म्हणाले, "महाराज, मना नेम मोडी गया. आते काय करू?" आम्ही त्यांना बसवून घेतले. हकिगत अशी की, डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यावर त्यांनी आषाढी एकादशीला माळेवर हात ठेवून नेम धरला होता. पहाटे चार वाजता उठून तासभर चालायचे, रात्री एकच भाकरी, गोड वर्ज्य. पंधरा दिवस पाळला. मग पावसाने ताण दिला, पिके माना टाकू लागली, आणि शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. रात्रभर पाणी भरायचे, पहाटे घरी येऊन पडायचे, चालणार केव्हा? तेवढ्यात दुसऱ्या गावी बहिणीच्या सासरी कोणी गेले. तेथे बारा दिवस जाणे-येणे, पंगतीत वाढतील ते जेवणे. तेराव्याला जिलबी पानात पडली, नाही म्हणवले नाही. घरी परतले ते खचूनच. माळेवरची शपथ मोडली, आता देवाने तोंड फिरविले, मग पथ्य तरी कोणासाठी, असे म्हणून चालणे सुटले, भाकऱ्या वाढल्या. आणि खरी काळजीची गोष्ट म्हणजे गोळ्यांतही खंड पडू लागला होता. पायाला एक जखम होती, ती भरत नव्हती.

आम्ही आधी त्यांस जखम घेऊन उद्याच दवाखाना गाठायला सांगितले. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेस कीर्तनकाराचा उपदेश उपयोगी नाही. मग नेमाचे बोललो. म्हटले, "दादा, हाती घेतलेल्या व्रतात मध्ये सुतक आले तरी व्रत तुटत नाही, असे शास्त्रच सांगते. पूजाअर्चा तेवढी दुसऱ्याकडून करवून घ्यावी, पण नेमाचा धागा तोडू नये. तुमचा नेम मोडलेला नाही, थांबलेला आहे. आणि रागाने, लोभाने, गाफीलपणाने खराच भंग झाला, तरी प्रायश्चित्त सांगून पुढे काय सांगितले आहे? पुन्हा व्रत धरावे, असे." गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच शंका विचारली: पूजा दुसऱ्याकडून होते, तसे चालणे घरातल्या दुसऱ्याने केले तर? सगळी मंडळी हसली, तेही हसले. नाही, चालण्याला प्रतिनिधी चालत नाही. तेवढे एक ज्याचे त्यालाच करावे लागते.

त्या रात्री त्यांच्यासाठी नेम नव्याने बांधला. 'पहाटे चार' हा शब्द काढून टाकला, कारण मोडत होते ते चालणे नव्हे, घड्याळ. त्याऐवजी, जखम भरून डॉक्टरांनी मोकळीक दिली की, दिवसाच्या ज्या घडीला अंथरुणातून उठणे होईल त्या घडीनंतर न्याहारीपूर्वी चालावे. बांधावर सापकिरडाचे भय असेल किंवा चिखल असेल तेव्हा देवळाच्या सभामंडपात. पंगतीत बसावे लागले तर गोडाचा पदार्थ पानात पडू द्यावा, माणसे दुखवू नयेत, पण दोन घास घेऊन प्रसाद म्हणून शेजारच्या मुलाच्या पानात सरकवावा. गोळ्यांना मात्र अनुकल्प नाही; त्या ठरल्या वेळी, डॉक्टर सांगतील तशा. पुढल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा जखम भरलेली होती. चालणे किती होते विचारले, तर म्हणाले, कधी तास, कधी चिलीम ओढायला लागेल तेवढा वेळ. आम्हांस ते उत्तर फार आवडले.

व्यायामाच्या बाबतीत आम्ही एका राजाचा दाखला नेहमी देतो, कारण तो राजा आमच्याच व्यवसायातला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे उत्तम कीर्तन करीत. सूर्यनमस्कारांचा त्यांनी जो प्रसार केला तो सर्वश्रुत आहे. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले. परंतु १८९७ पासून सुमारे दहा वर्षे ते सँडो या प्रसिद्ध युरोपीय मल्लाच्या पद्धतीने, त्याची साधने आणवून व्यायाम करीत होते, आणि नमस्कारांकडे वळले ते त्यानंतर, हे थोड्यांना ठाऊक असते. साधनांच्या व्यायामाला खोली लागते, साधने लागतात. नमस्काराला साडेतीन हात जमीन पुरते. ती प्रवासात मिळते, सोयऱ्याच्या घरी मिळते, धर्मशाळेतही मिळते. ज्याचा दिवस वरचेवर विसकटतो त्याने असाच व्यायाम निवडावा. आमचे स्वतःचे म्हणाल तर कीर्तन मध्यरात्री संपते, प्रसाद त्यानंतर, सकाळी सहाची एस्. टी.; अशा दिवशी बारा नमस्कारांचे तीन होतात. पण ते तीन होतात.

कितीसा व्यायाम करावा, यालाही आपल्याकडे माप आहे. वाग्भटांनी शक्तीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा असे सांगितले आहे. कपाळावर, नाकावर घाम फुटला, तोंड कोरडे पडू लागले, की थांबावे. तोही बहर थंडीत आणि वसंतात. पावसाळ्यात जठराग्नी मंद असतो, म्हणून श्रम बेताचेच ठेवावेत. म्हणजे चातुर्मासाच्या पहिल्याच दिवशी एकशेआठ नमस्कारांचा संकल्प सोडणारा उत्साही तरुण वाग्भटांच्या विरुद्धच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. पूर्वी, २०१० च्या तिच्या सूचनांत, सलग निदान दहा मिनिटे झाली तरच ती धरावीत असे होते. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. पाच मिनिटे देवळापर्यंत, पाच मिनिटे परत, दहा मिनिटे विहिरीपर्यंत, सारे जमेस धरले जाते. अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असे तीही आता सांगते. जैमिनींचे यथाशक्ति जिनिव्हापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला इतकेच.

खाण्यातली वाईट सवय सोडायची तीही एका झटक्यात नव्हे. चरकांनी आणि वाग्भटांनी तिचे चार भाग करून एकेक पाव भाग सोडीत जावे, मध्ये एक, मग दोन, मग तीन दिवस थांबावे, असा क्रम दिला आहे. चहात चार चमचे साखर घेणाऱ्याने आज शून्यावर येऊ नये, तीनवर यावे. लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांना एकेक नवी सवय धरायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही, हेही त्यात दिसले. आजपासून ६६ दिवस मोजले तर पितृपंधरवड्याच्या आरंभाशी आपण येतो. म्हणजे गणपतीचे मोदक, गौरीचे जेवण या साऱ्यांतून नेम तावून सुलाखून निघेल तेव्हा कुठे तो अंगी मुरेल, आणि चातुर्मास त्यानंतरही उरतोच. चार महिन्यांची ही मुदत ज्यांनी घातली त्यांचे आम्हांस कौतुक वाटते.

मात्र या सवलतींचा बाजार होऊ नये. मुख्यकल्प आचरण्याची शक्ती असता जो अनुकल्पावर भागवितो त्यास फळ नाही, असे मनूने बजावून ठेवले आहे. पाऊस आहे म्हणून ओसरीवर चालणे वेगळे, आणि पाऊस येईल म्हणून अंथरुणात पडून राहणे वेगळे. कोणता प्रसंग अशक्तीचा आणि कोणता आळसाचा, हे बाहेरच्याला कळत नाही. ज्याचे त्याला पक्के कळते.

घरातील स्त्रियांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पुरुषाने नेम धरला की घर त्याच्याभोवती फिरते. त्याचे जेवण लवकर, त्याची भाकरी वेगळी. गृहिणीचा नेम मात्र सगळ्यांचे आटोपल्यावर. तिचे चालणे पाहुण्यांनी मोडते, तिचे जेवण सर्वांच्या शेवटी, आणि पातेल्यात राहिलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, 'अन्न टाकू नये' म्हणून तिच्याच पोटात जाते. अन्न पूर्णब्रह्म आहे यात शंका नाही. पण ते ब्रह्म साठविण्याचे कोठार माउलीचे पोट नव्हे. राहिलेले गाईला द्यावे, आणि पुढच्या वेळी मूठभर कमी शिजवावे. ज्या घरात चातुर्मासाचे नेम धरले जातील त्या घरातील कर्त्या पुरुषाने आज रात्री एवढे विचारावे की, तुमचा नेम कोणता, आणि त्या वेळी चुलीजवळ कोण थांबेल? सुनेच्या चालण्याच्या अर्ध्या तासात सासूबाईंनी मूल धरले तर त्या नेमाचे निम्मे पुण्य सासूबाईंचे, असे आम्ही कीर्तनात सांगतो. याला ग्रंथाधार विचाराल तर तो आमचाच!

शेवटी उद्यापनाचा प्रश्न. कार्तिकी एकादशीला, देव उठल्यावर, चातुर्मासात जे वर्ज्य केले असेल त्याला अनुसरून दान करून नेम सोडण्याची चाल आहे. वांगे सोडणाऱ्याने वांगी द्यावी, तेल सोडणाऱ्याने तूप. रनाळ्याला एका आजींनी आम्हांस अडविले होते: "महाराज, मी चार महिने देवळाच्या फेऱ्या घातल्या. मी तर काही सोडले नाही, मग देऊ काय?" पादत्राणांचे दान आपल्याकडे मोठे मानले आहे. त्या बाजूच्या बांधांवर बोरीबाभळीचे काटे फार, आणि मिरची तोडायला येणाऱ्या मजूर बायका-पोरांपैकी कित्येकांच्या पायांत काही नसते. आजींना आम्ही चपलांचा एक जोड सुचविला. त्यांनी दोन घेतले; एक मोठा, एक लहान मुलाच्या मापाचा.